पानं ओढायचा पंप

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आमच्या घरचा फ्यूज उडाला. दुसऱ्यांदा शेजारच्या वेल्डरचा उडाला, कारण वायर त्याच्याकडून ओढली होती. तिसऱ्यांदा मात्र मोटर अशी काही घुमली, की मी मनात म्हटलं, झालं आपलं काम. पाइपाचं तोंड पानांच्या ढिगाशी नेलं. पाच-सहा पानं येऊन तोंडाला चिकटली आणि बस. बाकीची जागची हलली नाहीत. मोटर बंद केली तशी ती पाच-सहाही गळून पडली.

बरं, मी काय नवशिका आहे? एकेचाळीस वर्षं पंपांचं काम केलं. विहिरीतून, टाक्यांतून, तळघरांतून पाणी ओढलं, वेळ पडली तेव्हा चिखल ओढला. आणि फुंकर मारली तरी उडतील अशी वाळकी पानं मला ओढता येईनात. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हे सगळं हौस म्हणून चाललेलं नव्हतं, तेवढं आधी सांगतो. आमचं घर दोन खोल्यांचं, पण आवार म्हणाल तर दारापासून फाटकापर्यंत सत्तर पावलं. कडेने सात उंच झाडं, पानं तळहाताएवढी. गळायला लागली की तीन-चार महिने थांबायचं नाव नाही. दारापासून झाडत झाडत फाटकाशी पोचावं, कंबर सरळ करून मागे बघावं, तर दारात पुन्हा पानंच पानं.

साडेतीन महिन्यांपूर्वी आमची ही त्याच पानांवरून घसरली. ही शिवणकाम करते, तीस वर्षं करते आहे. शिवून झालेले कपडे पोचवायला निघाली होती. पानं ओली होती, पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. त्या दिवशी झाडायची पाळी माझी होती. मी कोणाचा तरी पंप उघडून बसलो होतो आणि म्हटलं होतं, जेवल्यावर झाडतो. ही आजवर त्याबद्दल एक अक्षर बोललेली नव्हती. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

हाड जुळलं. आत सळई घातली आहे, ती पक्की बसली आहे. पण व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावून ठेवलं होतं, की घरात भिंतीला धरून चालणं पुरेसं नाही. बाहेर मोकळ्यावर रोज दोनशे पावलं टाकायला हवीत. महिन्याभरात सुरुवात झाली नाही तर गुडघा आखडेल, आणि एकदा आखडला की मग कोणाच्याच हातात काही राहणार नाही. त्यातले अठरा दिवस गेले होते. ही काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत यायची, बाहेर बघायची आणि परत फिरायची. म्हणायची, एक पान जरी दिसलं तरी मी पाय ठेवणार नाही. शिलाई मशीनवरही तिने चादर घातली होती. मशीन पायाने चालवायचं, आणि मोडलेला पायही नेमका जोर द्यायचाच.

मग काय, मी झाडत सुटलो. सकाळी झाडायचो, दुपारी झाडायचो. पाठ धरली, हाताला फोड आले, आणि एक पान शिल्लक राहायचंच. मुलीला फोनवर हे कळलं तेव्हा ती म्हणाली, बाबा, पानं ओढायचं यंत्र तयार मिळतं, मी पाठवून देते. मी नको म्हटलं. का म्हटलं? थोडा माज. आणि थोडं असं, की चूक माझ्या हातून झाली होती, ती निस्तरायला दुकानातलं खोकं आणून उघडायचं हे मनाला पटेना.

म्हणून यंत्र घरी केलं. एक जुनी मोटर होती. पत्र्याचं पिंप कापून त्यात पंखा बसवला, पाती वेल्डरने जोडून दिली. हे सगळं एका ढकलगाडीवर चढवलं. पुढे सहा इंची पाइप, मागे पानं साठायला गोणपाटाची पिशवी. पाइपाच्या तोंडाला जाळी. जाळी तर माझे हात आपोआपच बसवतात. जाळीशिवाय पाइप पाण्यात सोडलेला दिसला, तर हाताखालच्या माणसाला मी त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवायचो.

पिशवी शिवून दे म्हणून हिला विचारलं होतं. ती म्हणाली, माझ्याच्याने आता होत नाही ते. मी म्हटलं ठीक आहे, दाभण घेतला, सुतळी घेतली आणि मीच शिवली. ही खिडकीत बसून बघत होती. दोन-चार टाके बघितले आणि तिने तोंड फिरवलं.

तर ओढ कमी पडत होती असा मी निष्कर्ष काढला. जोडांतून हवा जात असणार. सगळ्या जोडांना सायकलची ट्यूब कापून गुंडाळली. चालू केलं, पुन्हा तेच. पाच-सहा पानं, आणि बस. मोटर बंद केली, ब्रश घेऊन जाळी नीट साफ केली, पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पाइप आखूड केला. तिसऱ्या दिवशी पंख्याची पाती वाकवून बघितली. दर वेळी जाळी चोंदायची, आणि दर वेळी मी ती काढून, घासून, फडक्याने पुसून परत लावायचो. कामात हयगय मला चालत नाही.

गंमत म्हणजे ओढ कमी नव्हतीच. एकदा वाकून बघायला गेलो तर डोक्यावरची टोपी फाटकन उडून पाइपाच्या तोंडाला जाऊन बसली, आणि दोन्ही हातांनी ओढली तरी सुटेना. वेल्डर कुंपणापलीकडून खो खो हसत होता. म्हणाला, पानांचं राहू द्या काका, टोप्या गोळा करायला फिरवा गावभर. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

चौथ्या दिवशी मी घरच्या पाण्याच्या पंपाची मोटर काढली आणि गाडीवर चढवली. ती दुप्पट ताकदीची. त्यामुळे वरच्या टाकीत पाणी चढेना, आणि मी बादल्या वाहायला लागलो. पंपवाल्याच्या घरात बादलीने पाणी. एवढं करून नव्या मोटरने काय केलं? पाच-सहाच्या जागी आठ-नऊ पानं चिकटली.

तेवढ्यात खिडकीतून हिचा आवाज आला. त्या तोंडाला जे काही लावलंय त्याबद्दल काहीतरी विचारत होती. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी ओरडलो, "तुला पंपातलं काय कळतं? शिवणकाम आहे का हे?"

तिने खिडकी लावून घेतली. पुढचे दोन दिवस ताट वाढण्यापलीकडे आमच्यात बोलणं नव्हतं. खिडकी उघडायची, ती बसलेली दिसायची. दिवस सरत होते. बाई येऊन गुडघा वाकवून बघायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, की जसं काही मीच हिला खुर्चीला बांधून ठेवलंय. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

सातव्या दिवशी सकाळी मी आवाराच्या मधोमध गाडी नेली आणि ठरवलं, आज नाही झालं तर हे धूड भंगारात. मोटर चालू केली. आठ-नऊ पानं. बंद केली, जाळी काढली, घासली, लावली. चालू केली. आठ-नऊ पानं. मग मला बंद-चालू करायचाही कंटाळा आला. मोटर चालू ठेवूनच मांडी घालून बसलो आणि हिने फेकायला काढलेल्या दातांच्या ब्रशने जाळीवरची पानं खरवडायला लागलो. एक काढावं तर दोन बसायची. किती वेळ हे चाललं होतं कोण जाणे. मोटरच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

पाइपावर काठी आपटली. एकदा, दोनदा. मी वर बघितलं तर ही समोर उभी. तोंड हलत होतं, शब्द ऐकू येत नव्हते, पण ते शब्द आशीर्वादाचे नव्हते हे कळत होतं. मी मोटर बंद केली.

"किती वेळ हाका मारतेय मी! अहो, पानं आतच यायला हवीत ना तुम्हाला?"

"मग काय तर!"

"मग तोंड कशाला बंद केलंय? बाहीचं तोंड शिवून टाकायचं आणि मग सात दिवस विचार करत बसायचं, की हात का जात नाही."

मी जाळीकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. पुन्हा जाळीकडे बघितलं. एकेचाळीस वर्षं ती जाळी मी एकाच कामासाठी बसवत आलो होतो, की पंपात पान जाऊ नये. आणि पानं ओढण्यासाठीच केलेल्या यंत्राला मी ती बसवली होती, वर सात दिवस घासूनपुसून लखलखीत ठेवली होती. वेल्डर कुंपणापाशी नव्हता, हे माझं नशीब.

दोन स्क्रू काढले. जाळी बाजूला ठेवली. चालू केलं, आणि तडतड आवाज करत पानं आत जायला लागली. ओंजळभर, टोपलीभर. पंखा त्यांचा चुरा करून मागे फेकत होता आणि पिशवी टम्म फुगत चालली होती. मी पाइप इकडून तिकडे फिरवला आणि जिथून फिरवला तिथली जमीन स्वच्छ दिसायला लागली. किती दिवसांनी मला हसू आलं. हिला दाखवावं म्हणून मी मागे वळलो.

ती पिशवीकडे बघत नव्हती. स्वतःच्या पायांकडे बघत होती. दार पस्तीस पावलं मागे होतं, आणि तिच्या चारी बाजूंना घोट्यापर्यंत पानं. माझ्यावर चिडण्याच्या भरात ती तेवढी चालत आली होती, आणि आत्ता कुठे ते तिच्या ध्यानात आलं होतं. तिने काठी दोन्ही हातांनी धरली. मोटर बंद करून मी तिच्याकडे धावलो.

"हात लावू नका. दोघंही पडू."

"मग करू काय?"

"मला आत न्या."

आत न्या, पण हात लावू नका. मी गाडी वळवली आणि तोंड दाराकडे केलं. तिला म्हटलं, मी पुढे रस्ता करतो, तू साफ जमिनीवरच पाय ठेव. मोटर सुरू झाली. मी एक पाऊल जागा करायचो, ती एक पाऊल टाकायची. आधी काठी, मग तो पाय, मग दुसरा. हळूहळू तिच्या जिवात जीव आला असावा, कारण मागून काठीने खुणा यायला लागल्या. डावीकडे एक राहिलं. ते तिकडचं ओलं दिसतंय, ते घ्या. मी घेत होतो. आयुष्यात एवढं निमूटपणे मी कोणाचं ऐकलं नसेन.

दार आठ पावलांवर आलं आणि पिशवी फाटली. माझी शिवण वरपासून खालपर्यंत उसवली आणि आतला सगळा चुरा उडाला. केलेल्या रस्त्यावर, पायरीवर, तिच्या पायांवर, माझ्या डोक्यावर. मी मोटर बंद केली आणि गाडीच्या कडेवर बसलो. हात टेकले मी. डोळ्यांत पाणी आलं ते चुऱ्याने आलं, असं म्हणता आलं असतं.

"त्या दिवशी मी झाडायला हवं होतं," मी म्हणालो.

"हो, हवं होतं," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. रागाने नाही, आणि समजूत घातल्यासारखंही नाही. साडेतीन महिने जे ऐकायला मी थांबलो होतो ते तीन शब्दांत झालं. मग ती काठीवर रेलून पिशवीपाशी आली आणि उसवलेली कड बोटांत धरून तिने डोळ्यांजवळ नेली.

"ही शिवण म्हणायची? हातभर अंतरावर एकेक टाका. एवढ्या ओझ्याला दुहेरी टीप लागते, हे लहान पोरीलाही कळतं. काढा ती पिशवी."

मी काढली. तिने एक टोक हातात घेतलं आणि चालू लागली. चुऱ्यावरून, पानांवरून, आठही पावलं. काठी दाबत होती, पाय घट्ट टेकत होती आणि सगळा वेळ माझ्या शिवणीचा उद्धार चालला होता. मी दोन हात मागे, श्वास रोखून. पायरी चढली, उंबरा ओलांडला आणि म्हणाली, जुने टाके सगळे उसवून द्या, त्यावर मी टीप मारणार नाही.

मी पायरीवर ब्लेड घेऊन बसलो. आत चादर ओढल्याचा आवाज झाला. स्टूल सरकलं. मग मशीनचा पायटा एकदा खाली गेला, कुरकुरला आणि थांबला. "आई गं," ती हळूच म्हणाली. मी उठणार होतो, तेवढ्यात पायटा पुन्हा गेला. दोनदा. मग चारदा. कुठल्यातरी चिंधीवर ती नुसतीच टीप मारून बघत होती.

मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती थांबली असती. थोड्या वेळाने आतून हाक आली, की झालं का उसवून. अजून दोन हात शिवण बाकी होती, आणि ती मी अगदी सावकाश उसवली.