हाक, टेक चौथा

टेक पहिला

मार्चातली सकाळ. व्होल्गा अजून गोठलेली. काठावर मी, निनेल साव्वाच्ना, वय सदुसष्ट, डोक्यावरून व्यापाऱ्याच्या विधवेची काळी शाल. कॅमेरा सुरू झाला, मी हाक मारली आणि नदी या काठापासून त्या काठापर्यंत थरारली.

कट.

नदी वगैरे काही थरारली नाही. पहिल्या टेकला मी तोंडच उघडलं नव्हतं. माझ्या हातून संहिता बर्फात पडली.

"बस," ताइस्या म्हणाली.

ताइस्या आमच्या गावच्या थिएटरातली प्रॉम्प्टर. सिनेमावाल्यांवर तिचा विश्वास नाही, म्हणून माझ्याबरोबर आली होती. थर्मास, कोबी भरलेला भाजका पाव आणि स्वतःची घडीची खुर्ची घेऊन.

"इथे? बर्फावर?"

"मग काय, सोफा मागवू? संहिता पडली की तिच्यावर बसायचं. नाहीतर प्रयोग पडतो. छत्तीस वर्षं मी तुला हेच सांगत आलेय."

"हा प्रयोग नाही गं. सिनेमा आहे."

"मग सिनेमा पडेल. बस."

मी बसले. आजूबाजूची सगळी तरुण मंडळी बघत राहिली. दिग्दर्शक प्लातोन, वय अडतीस, मात्र हसला नाही. त्याची आई नटी होती. हातातला चहाचा कप धरून तो माझं बसून होईपर्यंत गप्प उभा राहिला. हे त्याचं मला आवडलं.

तेवढ्यात पिवळ्या जाकिटातली एक मुलगी आली. "निनेल साव्वाच्ना, करारातलं एक पान राहिलंय. सही हवी होती."

मी खाली बसल्या बसल्या वाचलं.

पान सातवं

"फिओनाच्या भूमिकेचा आवाज निर्माते आपल्या इच्छेप्रमाणे बदलू शकतील. १९७५च्या चित्रपटातला, प्रेक्षकांच्या ओळखीचा आवाज संगणकावर नव्याने तयार करून वापरण्यात येईल. याला कलाकाराची हरकत नाही."

कलाकार बर्फावर बसलेली होती. कलाकाराची हरकत होती. कलाकाराने ते पान संहितेबरोबर आपल्या बुडाखाली सरकवलं.

तीन चित्रपट, एक हाक

नाटकाचं नाव 'बर्फ फुटण्याआधी'. दीडशे वर्षांचं जुनं. मिठाच्या व्यापाऱ्याची विधवा फिओना आयुष्यभर दबक्या आवाजात बोलते, कारण मोठ्याने बोलायला घरात नवरा होता, मग दीर होता, मग कर्ज देणारे होते. तिची मुलगी लीपा मार्चात, बर्फ तडकायच्या बेतात असताना, पलीकडच्या काठावरच्या माणसाकडे पायी निघते. फिओना काठावर येते आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्याने हाक मारते: "लीपा, माघारी ये. नदी जागी झालीय." पडदा. लीपा परतली की नाही, लेखकाने लिहिलेलं नाही.

१९५४चा चित्रपट. फिओनाने तोंड उघडलं आणि वाद्यवृंद वाजायला लागला. हाक कुणी ऐकलीच नाही.

१९७५चा चित्रपट. लीपा मी होते, एकवीस वर्षांची. गालावर खळी, कमरेपर्यंत वेणी. हाक मारली फिओनाने, पण त्या वेळी कॅमेरा माझ्या पाठीवर होता. आणि अख्ख्या सिनेमात मी जे काही बोलले, ते मी बोललेच नाही. माझा आवाज मॉस्कोच्या कानाला गावठी वाटला. आमच्या काठच्या बोलीतला 'ओ' म्हणजे पावाच्या गोल लादीएवढा. तो त्यांच्या मायक्रोफोनमध्ये मावेना. मग आल्बिना नावाच्या बाईंनी स्टुडिओत बसून माझं सगळं म्हटलं. गोड, बारीक, चांदीच्या चमच्यासारखं.

तेव्हापासून शेहेचाळीस वर्षं हा देश माझा चेहरा त्या बाईंच्या आवाजात ओळखतो. दुकानात मी लोणी मागितलं की विक्रेती विचारते, "अगंबाई, तुम्ही त्या लीपा ना? घसा बसलाय का?"

तिसरा चित्रपट हा. आता मी फिओना. थिएटरात ही भूमिका मी एकोणीस वर्षं केली, दोनशे बारा प्रयोग. दोनशे बारा वेळा ती हाक शेवटच्या रांगेच्या मागे, कोट ठेवतात तिथवर गेली. तिथली बाई त्या हाकेवर आपलं विणकाम आवरायची.

टेक दुसरा

नासला. काठावर बचाव पथकाची गाडी उभी होती आणि तिच्यावरचा भोंगा दर दहा मिनिटांनी ओरडत होता: "नागरिकहो, बर्फ धोकादायक आहे. ताबडतोब काठावर या."

नागरिक म्हणजे गळवाले. दूर, नदीच्या पार मध्याच्या पलीकडे, बर्फाला भोकं पाडून पेट्यांवर बसलेले चाळीसेक काळे ठिपके. सकाळपासून एकही हलला नव्हता.

"फ्रेममध्ये असू देत," प्लातोन म्हणाला. "दीडशे वर्षांपूर्वीही लोक मासे धरतच होते."

त्याने भोंगावाल्याला सिगरेट देऊन पंधरा मिनिटं गप्प केलं.

टेक तिसरा

"हळू, निनेल साव्वाच्ना," प्लातोन म्हणाला. "जेमतेम ओठ हलवा. आवाजाचं नंतर बघू."

मी जेमतेम ओठ हलवले.

"सुंदर," प्लातोन म्हणाला.

"पिल्लू हरवलेल्या मांजरीसारखं म्याव केलंस," ताइस्या खुर्चीवरून म्हणाली.

बुडाखालून उचलून शालीत खोचलेलं ते सातवं पान मी काढलं. ओलं झालं होतं. "हे तू लिहिलंस?"

प्लातोनने नजर चुकवली नाही. "निर्मात्यांनी. पण मी हो म्हटलं. लोकांना तुमचा चेहरा आणि तो आवाज एकत्र हवाय. मीही त्याच आवाजावर वाढलो."

"माझ्या चेहऱ्याला शेहेचाळीस वर्षं दुसऱ्या बाईचं तोंड लावलंय, प्लातोन. तरुण मुलीचा आवाज या सुरकुत्यांना लावणार?"

"संगणकावर त्याचं वय वाढवतात."

"आल्बिनाला विचारलंत?"

"त्या वारल्या."

"ठाऊक आहे. दर नववर्षाला कार्ड पाठवायची मला. खाली सही करायची: 'तुमचा आवाज'. म्हणून विचारतेय, तिला विचारलंत का?"

"त्यांच्या मुलीने परवानगी दिलीय."

"मुलीचा आवाज नाही तो."

आमचा ध्वनिमुद्रक येफिम, साठीचा, पाव चावता चावता थांबला होता.

"एक टेक माझा," मी म्हटलं. "पूर्ण तोंड उघडून. नाही आवडला तर सही करते. आणि नंतर कुरकुर करणार नाही."

"निनेल," ताइस्या हळूच म्हणाली, "शब्द देऊ नकोस. वारा समोरून येतोय."

"येऊ दे. दोनशे बारा वेळा समोरून प्रेक्षक आले."

टेक चौथा

मी शाल मागे सारली. पायातल्या लोकरी वालेन्की बुटांनी बर्फ दाबून पाय रोवले. छातीतून नाही, पोटातून नाही, टाचांतून श्वास घेतला, जसा आमच्या आया पलीकडच्या काठावर गेलेल्या गाईला बोलवायला घ्यायच्या.

"लीपा-आ. माघारी ये-ए. नदी जागी झालीय."

मग वारा. कॅमेरा चालू. प्लातोन कट म्हणेना.

एक ठिपका उभा राहिला.

त्याने पेटी उचलून खांद्याला अडकवली आणि आमच्याकडे चालू लागला. मग त्याच्या डावीकडचे दोघं. मग एक म्हातारा घसरगाडी ओढत. मग एकेक करत सगळा बर्फ उठला. चाळीस माणसं, कुणीही न धावता, खाली माना घालून, जेवायला बोलावल्यासारखी काठाकडे निघाली.

भोंगावाला गाडीतून उतरून बघत राहिला. सिगरेटची राख त्याच्या बुटावर पडली.

येफिमने हेडफोन काढून कान चोळला. "साफ आलंय," तो कुणीही न विचारता म्हणाला.

पहिला गळवाला काठावर चढला. भुवयांवर हिमकण, हातात एकच मासा. "काय झालं? कुणाचं काय झालं?"

"काही नाही," पिवळ्या जाकिटातली मुलगी म्हणाली. "शूटिंग चाललंय."

"शूटिंग?" त्याने वळून मागच्यांना सांगितलं, "शूटिंग आहे म्हणे." मागून जे शब्द आले ते इथे लिहीत नाही.

"सकाळपासून भोंगा ओरडतोय," प्लातोनने त्याला विचारलं. "तेव्हा का नाही उठलात?"

"भोंग्याला कशाला उठायचं? त्याला पगार मिळतो ओरडायचा. मला वाटलं, आई बोलावतेय."

"आई इथेच असते तुमची?"

"नव्वद सालीच गेली. म्हणून तर लगेच उठलो."

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. नीट निरखून बघितलं त्याने. "मावशी, तुम्ही त्या लीपा ना? सिनेमातल्या? माझी बायको अजून रडते तो सिनेमा बघून." तो जरा घुटमळला. "घसा बसलाय का तुमचा?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "हाच आहे."

त्याने मान डोलावली. पटलं त्याला. मासा माझ्या हातात दिला आणि चहा कुठे मिळतो ते विचारलं. ताइस्याने थर्मास उघडला.

प्लातोन मॉनिटरवर चौथा टेक पुन्हा बघत होता.

"फ्रेम बिघडली," येफिम म्हणाला. "लीपा परतली की नाही तेच नाटकात नाही, आणि इथे चाळीस माणसं परत येताहेत."

"राहू दे," प्लातोन म्हणाला. मग माझ्यापुढे हात केला. "ते पान द्या."

मी दिलं. सातव्या पानावर काट मारायला त्याने पेन काढलं, पण ओल्या कागदावर शाई उमटेना. दोनदा प्रयत्न केला. शेवटी त्याने पान चार घड्या करून खिशात कोंबलं.

"निर्मात्यांना काय सांगशील?"

"चौथा टेक दाखवीन."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर त्यांना इथे बर्फावर नेऊन बसवतो, निनेल साव्वाच्ना. तुम्ही हाक मारा."

बर्फ त्यानंतर नऊ दिवसांनी फुटला. ते नऊही दिवस गळवाले नदीवर होते आणि नऊही दिवस मला निरोप येत होते, की मावशी, आता उगाच बोलावू नका, मासे चांगले लागताहेत.