शेळ्यांच्या झाडाची पानं

प्रयोगशाळेतून आलेला आकडा काबुलाने पुन्हा एकदा ताडून पाहिला.

टेकडीवरची मतुंडूची झाडं आपला नायट्रोजन मुळांवरच्या बुरशीकडून घेतात, त्याची खूण पानांत उतरते: जड नायट्रोजन अगदी कमी. दर वर्षी काबुला ती मोजायची. यंदा बाळाच्या, मिलेंबेच्या जन्मामुळे टेकडी चढणं जमलं नाही, म्हणून पानं न्क्वाबीने आणून दिली. न्क्वाबी तिचा नवरा, शिवाय त्या जंगलाचा अधिकारी. त्याने आणलेल्या पानांत जड नायट्रोजन भरमसाट निघाला. इतका तर शेणामुताने माखलेल्या जमिनीतच सापडतो. अन् न्क्वाबीच्या कचेरीमागे एक मतुंडू होता, त्याच्या बुंध्याला गावच्या शेळ्या बांधत.

"मिलेंबेच्या बापा, पानं कुठली?" तिने जेवताना विचारलं.

"टेकडीवरची. पाय मोडले गं चढून."

"शेळ्या कधीपासून टेकडीवर मुतायला लागल्या?"

त्याने हातातला उगालीचा घास ताटात परत ठेवला. मग तो हसला. "बरं बाई, आळस केला. पान शेवटी पानच ना?"

आळसच असता तर चार शिव्यांत भागलं असतं. पण ती टेकडी तिच्या बापाची. त्याने मधमाश्यांसाठी पोखरलेले ओंडके तिथल्या फांद्यांना टांगले होते. जिथे ओंडके, तिथे कुऱ्हाड नाही, हे टाबोरा मुलखात शेंबडं पोरही जाणतं. मरताना म्हाताऱ्याने ते रान जावयाच्याच हाती सोपवलं होतं.

"उद्या मीच जाते," ती म्हणाली.

"नको!" न्क्वाबीने मान खाली घातली. "कोळसेवाल्यांनी चोरून तोडलं सगळं. तू ओली बाळंतीण, कसं सांगणार होतो? मला कळलं तोवर काही उरलं नव्हतं."

तिला रडू फुटलं. त्याने जवळ घेतलं, आणि वेडीने घेऊ दिलं.

सकाळी मिलेंबेला पाठीशी बांधून ती टेकडीवर गेली. नुसते खुंट होते, आणि भट्ट्यांची राख. चोरांनी बापाचे ओंडके कुठे भिरकावले म्हणून ती शोधत फिरली.

ओंडके खडकाच्या सावलीत होते. एकावर एक नीट रचलेले, तोंडं गवताने बुजवलेली. त्यांना आवळलेले दोर नवे होते, पण गाठ बापाची होती. ती त्याने एकाच माणसाला शिकवली होती, आपल्या जावयाला.

ओंडके उतरवल्यावर कुऱ्हाड चालते. रीत तेवढी न्क्वाबीने पाळली होती.