माडांना पेज

रिसॉर्ट बांधलं, पण एक झाड पडू दिलं नाही, म्हणून दार्मिकाची अख्ख्या बालीत वाहवा! पोहण्याच्या तलावाला त्याने वळण दिलं तेही वडिलांनी लावलेल्या माडांसाठी. जमीन भाड्याने देताना त्याची आई सुकास्ती अडून बसली होती. "माड राहतील, मेमे," त्याने तिला समजावलं होतं, "आणि गालुंगानला बाबांच्या पूजेचे नारळ याच माडांचे येतील. माझा शब्द."

माड राहिले, शब्द नाही. एका पाहुणीच्या खुर्चीशेजारी धप्पकन नारळ पडला, मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं आणि दार्मिकाने मुकाट्याने गडी चढवून नारळ आणि कोवळा फुलोरा कापून सगळे शेंडे साफ करून घेतले. आईला सांगायचं मात्र आज-उद्यावर ढकललं. एवढे मोठे आराखडे काढणारा माणूस, पण आईपुढे वाचा बसते!

आणि गालुंगान, पितर घरी येतात तो सण, जवळ आला. त्याआधी झाडांचा सण. झाडांना पेज भरवायची, कोयत्याच्या पाठीने बुंधा ठोकायचा आणि झाडाला आजोबा म्हणत फळं मागायची. सुकास्ती पेजेचं भांडं घेऊन थेट तलावाकाठी हजर!

दार्मिका धावत आला. "अगं, इथे कशाला? घरच्या फणसाला घाल ना."

"का रे? तुझे पाहुणे चावतात की काय?"

तिने बुंध्याला पेज लावली, कोयत्याने ठोकलं. "आजोबा, गालुंगान आलाय. भरभरून द्या..." म्हणत मान वर केली आणि तिथेच थांबली. वर हिरव्यागार झावळ्या होत्या. नारळ एकही नव्हता, कापलेले देठ तेवढे दिसत होते.

"कोणी कापले?"

मॅनेजरचं नाव घेता आलं असतं. "मीच, मेमे. कोणाच्या डोक्यात पडला असता तर?"

"मग मला सांगायचंस तरी रे! मी इथे येऊन याच्यापुढे हात पसरले."

दार्मिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाजारातून चांगले नारळ आणतो मी," तो म्हणाला, आणि बोललो नसतो तर बरं, असं त्याला लगेच वाटलं.

तिने कोयता टोपलीत ठेवला आणि बुंध्यावर नुसता तळवा टेकवला.

"आजोबा, राहू द्या," ती हळूच म्हणाली. "यंदा काही देऊ नका. उगाच दमू नका."

मग पेजेचं भांडं मुलाच्या हातात देऊन ती पुढच्या माडाकडे गेली. अजून कितीतरी माड बाकी होते, आणि प्रत्येकाचा शेंडा त्यानेच साफ करून घेतला होता.