मांडीखालचे हात

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांसारखा थंड डोक्याचा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. शिकाऊ माणूस भर चौकात गाडी बंद पाडो, नाहीतर डावीकडे सांगितल्यावर उजवीकडे वळवो, मास्तरांचा आवाज कधी चढला नाही. "होतं असं. परत चालू करा," एवढंच. त्यांच्या पायाशी जादा ब्रेक असायचा आणि दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबलेले. नव्या मास्तरांनाही ते हेच सांगत, "हात मोकळे ठेवलेत की ते स्टिअरिंगवर झेप घेतात. मग शिकणारा रस्ता सोडून आपल्या हाताकडे बघत बसतो. आणि हाताकडे बघणारा गाडी ठोकतोच."

घरी मात्र हेच हात मोकळे असत. तिसरीतल्या ठकीनं दूध सांडलं, डबा विसरला, की पाठीत धपाटा ठरलेला. "लक्ष कुठे असतं तुझं?" हे धपाट्याच्या पाठोपाठ यायचं. ठकीची आई मध्ये पडली तर मास्तर म्हणत, "आम्ही काय कमी मार खाल्ला? काय बिघडलं आमचं?" असल्या प्रश्नाला उत्तर द्यायला घरात कोणी धजावत नाही, म्हणून तर तो पिढ्यान् पिढ्या टिकतो.

त्या सकाळीही बुटाची नाडी बांधायला उशीर झाला म्हणून ठकीच्या कानाखाली आवाज निघाला होता. लाल कान घेऊन ती शाळेत गेली आणि मास्तर वेळेवर कामावर.

पहिल्याच तासाला औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई होत्या. केस पिकलेले, आवाज खणखणीत. वाचता न येणारी चिठ्ठी आली तर डॉक्टरला फोन करून झाडणाऱ्या. हात छान बसला होता त्यांचा. लांब सरळ रस्त्यावर गाडी धावत होती आणि वळण येताच ऊन एकदम त्यांच्या डोळ्यांवर आलं. मास्तरांनी मांडीखालचा हात झटकन काढला आणि त्यांच्यासमोरची उन्हाची झापड खाली करायला वर नेला.

बाईंनी स्टिअरिंग सोडलं. दोन्ही हातांनी डोकं झाकून त्या अंग चोरून दाराला चिकटल्या. गाडी सरळ विजेच्या खांबाकडे निघाली. मास्तरांनी ब्रेक दाबला. खांब वीतभर अंतरावर राहिला. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा नुसता गोंगाट केला.

"ताई, काय झालं? चक्कर आली का?"

बाईंनी हळूहळू हात खाली घेतले. चेहरा ओशाळलेला.

"तुम्ही हात उचललात ना."

"झापड पाडायला, ताई."

"आता कळलं हो. त्या क्षणी कळत नाही." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली. वाईट नव्हते, बरं का. मी तापानं फणफणले की रात्र रात्र उशाशी बसायचे. पण ते मला मुद्दाम आठवावं लागतं, मास्तर. हात आपोआप आठवतो."

"होतं असं" हे नेहमीचं वाक्य मास्तरांच्या तोंडाशी आलं आणि त्यांनी ते गिळलं. उरलेला दिवस त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ठकीला आपण सायकल शिकवली, तिच्या खोकल्यात जागलो, हे सगळं तिलाही पुढे मुद्दाम आठवावं लागणार का, हा एकच विचार डोकं पोखरत होता. त्यांना भीती वाटली. चक्क भीती.

संध्याकाळी ते जेवायला टेबलाशी बसले. ठकी पाण्याचा जग घेऊन आली आणि त्यांच्या पेल्यात ओतू लागली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. पोरीची नजर पेल्यावर नव्हतीच. ती त्यांच्या उजव्या हातावर खिळली होती. पेला भरला, भरून वाहिला, पाणी टेबलावरून त्यांच्या मांडीवर आलं.

"लक्ष कुठे..." असं म्हणत हात वर गेलासुद्धा, आणि तिथेच थांबला. लक्ष कुठे असतं ते त्यांना आत्ताच दिसलं होतं.

त्यांनी दोन्ही हात ओल्या मांडीखाली सारले. ठकी मान खांद्यांत घालून उभी होती. स्वयंपाकघराच्या दारात तिची आई डाव धरून थिजली होती.

"बाबा," ठकीनं विचारलं, "आता मारणार की जेवण झाल्यावर?"

मास्तरांनी मान हलवली. "आता नाही. जेवण झाल्यावरही नाही."

"मग हात का लपवलेत?"

"गाडीत मी असाच बसतो. शिकणाऱ्याला भीती वाटू नये म्हणून." मग ते दाराकडे वळले. "अगं, गाडीत माझ्या पायाशी ब्रेक असतो. घरात तो तुझ्याकडे ठेव. माझा हात वर जाताना दिसला की नुसतं 'मास्तर' म्हण. मोठ्यानं. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल."

"आणि तुम्ही ऐकाल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. "पण तू म्हण."

तिनं पुढे येऊन टेबल पुसलं. पेला रिकामा करून पुन्हा समोर ठेवला.

"ओत, ठके. होतं असं."

ठकीनं जग उचलला. ओतताना पुन्हा तिचे डोळे मास्तरांच्या मांडीकडे गेले, पुन्हा थोडं सांडलं. हात बाहेर आले नाहीत. मग जरा वेळ तिनं पेल्याकडे पाहिलं आणि तो नीट भरला.

मास्तर तसेच बसून राहिले. हातांना मुंग्या आल्या होत्या, पण काढायची हिंमत होत नव्हती. ठकी त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांना पाणी कसं पिता येणार, हे बहुधा तिच्या ध्यानात आलं. तिनं पेला उचलला आणि त्यांच्या ओठांना लावला. मात्र हात होता तेवढा लांब करून, स्वतः दूरच उभी राहून.