नुसता वार सांग

वृद्धाश्रमात लोक भजनं म्हणायला येतात, केळी वाटायला येतात, आपल्या पोराच्या वाढदिवसाचा केक कापायला येतात आणि म्हाताऱ्यांना मध्ये बसवून फोटो काढून जातात. नखं कापायला कोणी येत नाही. म्हणून मी येते.

कर्जतच्या बाजारपेठेत माझं पार्लर होतं. उभं राहून राहून पायांनी दगा दिला तेव्हा ते भाचीच्या हवाली केलं. घरी बसून जावेशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून खालापूरच्या वाटेवरच्या या आश्रमात यायला लागले. मंगळवारी आणि शनिवारी इथल्या बायका नखाला हात लावू देत नाहीत, त्यामुळे माझा वार बुधवार. गरम पाण्याचं घमेलं घ्यायचं, एकेकीचे पाय भिजवायचे, मांडीवर टॉवेल घालून पाय वर घ्यायचा. जाड झालेली नखं कापताना त्या मला शिव्या देतात, मीही उलट देते. आमचं छान जमतं.

त्या बुधवारी फाटकातच देवेशने मला गाठलं. देवेश आश्रमाचा मॅनेजर. माणूस वाईट नाही, फक्त घाबरट आहे.

"जागृतीताई, मैनाबाईंचा हरेश गेला."

मला आधी वाटलं, कुठे बदली होऊन गेला. मग देवेशचं तोंड बघितलं.

"शुक्रवारी पहाटे. रात्रपाळीला होता, छातीत कळ आली म्हणून लवकर घरी आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं."

"आणि मैनाबाई?"

"त्यांना सांगायचं नाहीये. सूनबाईंनी तसं बजावलंय. डॉक्टरही म्हणाले, हार्ट आधीच कमजोर आहे, हा धक्का सोसणार नाही. तेरावं होऊ दे, मग बघू."

"मग बघू म्हणजे काय रे? आईला मुलगा गेल्याचं सवडीनं सांगायचं?"

"ताई, हात जोडतो. तुम्ही फक्त नखं कापा. नेहमीसारखं वागा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण घमेलं भरताना राग येत होता तो तेजश्रीचा, म्हणजे हरेशच्या बायकोचा. तशी ती मला कधीच फारशी आवडली नव्हती. मैनाबाई भिवपुरीजवळच्या गावातली. नवरा फार लवकर गेला, तेव्हापासून दुसऱ्यांच्या शेतात भात लावून तिने या एका पोराला वाढवलं. पोरगा शिकला, रसायनीला कारखान्यात लागला, तिथेच फ्लॅट घेतला. मग मैनाबाई पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोघंही नोकरीला. शेवटी तिला इथे आणलं. यात चुकलं कोणाचं ते मला सांगता येणार नाही, पण खापर मी आपली सुनेवर फोडायचे. हरेश रोज संध्याकाळी आईला फोन करायचा, त्यामुळे तो माझ्या लेखी गुणाचा होता.

एरवी मला बघून मैनाबाई लांबूनच हाळी द्यायची, "आली गं माजी न्हावीण!" आणि सगळ्यांच्या आधी पाय पुढे करायची. आज ती रांगेत नव्हतीच. व्हरांड्याच्या पार टोकाला चटई टाकून एकटी बसली होती. आश्रमातली सिस्टर म्हणाली, "काय झालंय कळत नाही. गादी टोचते म्हणून खाली झोपते. आरतीला येत नाही. पायरी चढवत नाही म्हणे."

मी घमेलं घेऊन तिच्यापुढे जाऊन बसले. केसांना बरेच दिवस तेल नव्हतं.

"चला मावशी, पाणी गार होतंय."

"आज नको."

"नको कसं? नखं बघा केवढी वाढलीत. कोणाला ओरबाडायला निघालाय?"

एवढं बोलून मी नेहमीप्रमाणे तिचा हात ओढला. तिने तो झटक्यात मागे घेतला.

"शिवू नको मला."

मला फार लागलं ते. इतकी वर्षं ही बाई माझ्या मांडीवर पाय टाकून खुशाल डुलक्या काढायची, आणि आज शिवू नको?

"माझं काय चुकलं, मावशी?"

"तुजं काय नाय गं." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दहा दिस जाऊ दे. मंग काप. हाताची काप, पायाची काप."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जमिनीवर झोपणं, तेल नाही, आरती नाही, कोणाला शिवायचं नाही आणि नखं कापायची नाहीत. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की हे कुठल्या घरात पाळतात. मैनाबाई सुतकात बसली होती. भरल्या आश्रमात, कोणाला कळू न देता, ती एकटीच सुतक पाळत होती.

हॉलच्या दारात देवेश उभा होता आणि तिथूनच मला डोळ्यांनी दटावत होता.

"तुला ठाऊक हाय," मैनाबाई म्हणाली.

मी घमेल्यातलं पाणी हाताने ढवळत राहिले.

"नाव नको घेऊ. काय झालं, कसं झालं, मी काय इचारीत नाय. नुसता वार सांग. मी आपली शनवारपासून धरलंय, शनवारी त्याचा फोन नाय आला म्हनून. शुक्रवारी हितं गडबड होती, फोनाचं ध्यान नव्हतं. पन त्याच्या आदी झालं असंल तर? माजा दहावा चुकंल गं. पोराचा दहावा कसा चुकवू?"

खोटं बोलणं मला जड नव्हतं. पार्लरमध्ये जन्मभर मी बायकांना खोटंच सांगितलं, की ताई, तुमचं वय कळतच नाही. आताही म्हणता आलं असतं, काहीतरीच काय मावशी, हरेश ड्यूटीवर आहे. देवेश खूश झाला असता. आणि मैनाबाईने मान डोलावली असती, मला माहीत आहे. मग पुन्हा चटईवर बसून चुकीच्या वारापासून दिवस मोजत राहिली असती. शब्द दिला होता मी देवेशला. पण समोर ही बसली होती.

"शुक्रवार," मी म्हणाले. "शुक्रवारी पहाटे."

तिने बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवला. मला वाटलं मोजते आहे. पण अंगठा पहिल्याच पेरावर थांबला.

"शुक्रवारी तर तुळशीचं लगीन लावलं आमी."

"हो."

"कालेजच्या पोरी आल्या होत्या. मला मधी घेतली. मी नाचले गं जागू. काठी टाकून नाचले, पोरी माजे हात धरून होत्या. माजा पोर तिकडं गेला, आन मी हितं गजरा माळून नाचले."

आणि तिने आपल्याच तोंडावर फाडकन मारून घेतली. दुसऱ्यांदा हात उचलला तो मी पकडला. शिवायचं नव्हतं ते आम्ही दोघीही विसरलो. मी रडायला लागले, ती मात्र रडली नाही.

"गप. कुनी बघंल," ती म्हणाली. "मी रडले तर सुई देतील, निजवतील. मंग दिस कोन मोजंल?"

मी डोळे पुसून विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"तेजू फोन करते ना. आदी सगळं घर फिरवून दाखवायची, ही भाजी केली, हा पडदा लावला. आता नुसतं तोंड दाखवते. डोळं दिसतात, नाक दिसतं. कपाळ नाय दिसत. रोज कपाळ तेवढं कापते."

"मग तिलाच का नाही विचारलंत?"

"इचारलं आन खरं निघालं तर? जवर इचारत नाय तवर..."



देवेश तोंड पाडून आला तेव्हा मीच म्हटलं, "सांगितलं मी. उद्यापासून येऊ नका म्हण, नाही येणार." त्याने सिस्टरला बोलावून मैनाबाईचं बीपी बघायला लावलं, गोळी दिली, आणि तो व्हरांड्याच्या कठड्यावर बसून राहिला. मी दुपारच्या टमटमने परत जाते, त्या दिवशी गेले नाही. बाकीच्यांची नखंही कापून झाली नाहीत.

दिवेलागणीला आत आरती सुरू झाली आणि मैनाबाईचा फोन वाजला. फोन मी धरला, तिला दिसेल असा. तेजश्री दिसली. डोळे, नाक, तोंड. डोळ्यांच्या वर काहीच नाही.

"आई, जेवलात का? ह्यांना आज पण डबल ड्यूटी लागलीये. उद्या करतील हं फोन. मला म्हणाले, आईला सांग."

किती सराईतपणे बोलली! मला चीड येणार होती, तेवढ्यात तिच्यामागच्या फरशा दिसल्या. बाथरूमच्या होत्या. घर माणसांनी भरलेलं असणार. त्यात तोंड धुवून, आवाज नीट करून, दाराला कडी लावून ही बाई रोज या वेळी नवऱ्याच्या ड्यूटीची खोटी बातमी सांगत होती. सांगून झाल्यावर कडी काढून पुन्हा त्या माणसांत जाऊन बसत असणार. तिच्यावरचा माझा इतक्या वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला. मला तिची फार दया आली, आणि माझी लाज वाटली.

"तेजू," मैनाबाई म्हणाली, "फोन जरा वर धर गं."

"आई, इथे ना, रेंज जाते..."

"रेंज हाय. वर धर."

मग स्क्रीनवर नळ दिसला, छत दिसलं, आणि सावकाश तेजश्रीचं कपाळ आलं. ठसठशीत मरून टिकली लावायची ती. वर्षानुवर्षं एकाच जागी टिकली लावली की तिथली कातडी फिकट होते, अशी कपाळं मी पुष्कळ बघितली आहेत. त्या फिकट गोलावर आज काही नव्हतं.

मैनाबाई ते बघत राहिली. तिचं स्वतःचं कपाळ हरेश रांगत होता तेव्हापासून मोकळं आहे.

"आता आपन दोघी सारख्या झालो गं," ती म्हणाली.

"आई!" तेजश्री एकदम ओरडली. बाथरूममध्ये तो आवाज घुमला. "आई, मी काय करू? मला वाटलं तुम्ही पण जाल... तुम्ही पण गेलात तर मी कोणाला आई म्हणू?"

"मी नाय जात. तू रड. दार वाजवतील, वाजवू दे. रड तू."

खरंच तिकडे कोणीतरी दार वाजवत होतं. तेजश्री भिंतीला टेकून खाली बसली असावी, कारण स्क्रीनवर नुसता तिचा खांदा हलताना दिसत होता.

"आयतवारी दहावा हाय," मैनाबाई म्हणाली. "मला घ्यायला ये. नदीवर नाय येत मी. घरात तुज्याजवळ बसते. बाकीच्या सगळ्या सांजच्याला आपापल्या घरी जातील, मंग तू काय करशील?"

"आई, तिसरा मजला आहे. तुमचा पाय..."

"चौघांना सांग, उचलून आनतील. एक दिस चौघांनी मला उचलायचंच होतं. हरेश असनार होता त्यात म्होरं."

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. तिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला, पोटाशी घट्ट धरला आणि त्यावर वाकून हंबरडा फोडला. आतली आरती मध्येच थांबली. फोनमधून तेजश्रीचं "आई, आई" ऐकू येत होतं, आणि मैनाबाई तिला उत्तर देत नव्हती, हरेशला हाका मारत होती.