अकीलाचा ठोका

स्टीलपॅनवरचे बाकी सगळे स्वर जागेवर होते. डाव्या हाताकडचा, अगदी कडेचा एक मात्र पुन्हा उतरला होता. तेलाच्या पिंपापासून घडवलेल्या या वाद्याचा पत्रा बेताने वाजवला तर महिनोन्महिने सूर धरतो. हाणला की नेमका तेवढ्या जागी ताणला जातो. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी पोर्ट ऑफ स्पेन शहराच्या वरच्या टेकडीवर, आमच्या पॅनयार्डात, म्हणजे बँडच्या सरावाच्या अंगणात, मुलांचे पॅन सुरात लावते. हा पॅन सोळा वर्षांच्या अकीलाचा.

सराव सुरू होण्याआधी बँड चालवणाऱ्या मिस ऑटली मुलांना गोल उभं करतात. ज्याला बोलायचंय त्याने मनातलं सांगायचं. ज्याला नाही त्याने पॅनवर एक ठोका द्यायचा. ठोक्यावर कोणी प्रश्न विचारायचा नाही. हा नियम मिसनी केला आणि त्या स्वतःही तो मोडत नाहीत. कित्येक आठवडे अकीला नुसता ठोका देत होती, त्याच स्वरावर, जीव खाऊन.

"हिला काड्या कशाला? हातोडा द्या," शेजारच्या पॅनवरची ट्रिशा म्हणायची.

"तुझ्या डोक्यावर वाजवून बघू? पोकळ आहे, छान घुमेल!" अकीला उलटून म्हणायची.

सगळे हसायचे. मिससुद्धा. पण अकीलाचा ठोका ऐकताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे.

"एक दिवस पत्रा फाटेल," मी त्यांना म्हटलं होतं.

"फाटू दे. पत्रा दुसरा मिळेल. ती येत राहिली पाहिजे, टीचर."

त्या संध्याकाळी मी तो स्वर खालून ठोकून वर आणत होते. अकीला शेजारी उभी होती.

"टीचर, पॅनची पेटी पोलीस उघडतात का हो?"

"बँडच्या पोरांची? छे."

"डेवॉन पण हेच म्हणतो." डेवॉन तिचा मोठा भाऊ. "कधीपासून मागे लागलाय. आज पेटी घरी आणायचीच म्हणे. मग तो ती भरून देणार, आणि सांगेल तिथे पोचवायची. आत काय आहे ते विचारायचं नाही."

माझा हात थांबला. "मिसना सांगू?"

"नको. बघते मी."

गोल जमला तेव्हा डेवॉन फाटकाबाहेर गाडीला टेकून डबल्स, छोले घातलेल्या पुऱ्या, खात होता. पॅनयार्डात भांडण आणायचं नाही, हे टेकडीवरचे गुंडही पाळतात. तो आत येणार नव्हता. पण सराव कधीतरी संपणारच होता.

मिसची पाळी आली. "घरातली मागची खोली झाडून ठेवलीय. चादर धुतलीय. खोबऱ्याचा पाव भाजलाय, एकटीला संपत नाही. एवढंच."

रोज त्या हेच सांगायच्या, कोणाकडेही न बघता. कोणासाठी, ते आम्हाला कळत होतं. तरी एकदाही त्यांनी अकीलाला "चल" म्हटलं नव्हतं. एवढा धीर मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही.

ट्रिशाने हलका ठोका दिला. मग अकीला. तिने काडी उचलली, त्याच स्वरावर धरली. मी कान टवकारले.

ठोका आला नाही. तिने दोन्ही काड्या पॅनमध्ये ठेवल्या आणि फाटकाकडे वळली.

"डेवॉन!" तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "पेटी इथेच राहणार. आणि मी घरी येत नाहीये. मी मिसकडे राहणार आहे."