एरिश्तीबाईंचे नख

मित्रांनो, मी एक जुना दगडी शिक्का आहे. करंगळीच्या पेराएवढा, काळा, लाटण्यासारखा गोल. जवळजवळ चार हजार वर्षे झाली, तरी मी खरा की खोटा हे मला अजून कळलेले नाही.

आजच्या इराकमधल्या सिप्पर शहरातल्या कारागिराने माझ्यावर एक देवी आणि एरिश्तीबाईंचे नाव कोरले, तेही उलटे. ओल्या मातीवर लोळलो की ते सुलट उमटे आणि बाईंचा शब्द पक्का होई. काम झाले की बाई माझ्या खाचांतली माती अंगठ्याच्या नखाने काढत. लहानपणी पाटा पडून त्या नखाला मधोमध कायमची चीर गेली होती. मला गुदगुल्या होत. मग मी पुन्हा दोरीने त्यांच्या गळ्यात.

"वहिनी, दोरी झिजलीय. बदला की आता!" धाकटे दीर इब्बी म्हणत.

"भाऊजी, माझ्यापेक्षा तरुण आहे ती," बाई हसत.

बाईंना मूल नव्हते. मन्ना नावाच्या पोरक्या मुलीला त्या दत्तक घेणार होत्या. मातीच्या पाटीवर तसा करार व्हायचा, त्याच सकाळी दोरी तुटली आणि मी उंबऱ्याच्या फटीत पडलो. घर पालथे घातले, पण मी सापडलो नाही. मग रस्त्यावर शिंग वाजले. दवंडीवाला ओरडला, "एरिश्तीचा शिक्का हरवला! आजपासून तो जिथं उमटेल तिथं खोटा!"

मी गोंधळलो. नाव तेच, देवी तीच. सकाळी खरा असलेला मी दुपारी खोटा कसा झालो?

वर मन्ना रडत होती. "आता मी परत जायचं का?"

"कुठं निघालीस गं? नख आहे की माझं!" बाई म्हणाल्या. शिक्का नसेल तर मातीत नख रुतवायचे, अशी तिकडची रीत. थोड्या वेळाने मन्नाने "आई" अशी हाक मारली. मला आनंद झाला आणि वाईटही वाटले. माझ्यावाचून त्यांचे काहीच अडले नाही.

घर पडले, शहरही पडले. पुष्कळ काळाने मी एका हौशी संग्राहकाच्या हाती आलो. त्याने मला मातीवर फिरवले आणि तो आनंदाने ओरडला, "अस्सल आहे!" मी पुन्हा गोंधळलो. ती दवंडी कुणी मागे घेतली होती का?

आता मी संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात आहे. शेजारी एक मातीची पाटी आहे. तिच्यावर शिक्का नाही, फक्त एका नखाची खूण आहे, मधोमध चीर असलेली.

मित्रांनो, जवळच्या वस्तूची दोरी वेळेवर बदला. काही हरवलेच, तर शिंग वाजवण्याआधी एकदा उंबऱ्यापाशी वाकून बघा. माझ्या खाचांत अजून माती आहे, आणि ते नख माझ्यापासून फक्त वीतभर दूर आहे.